गाडी बिघडली का?

सकाळी साडेनऊच्या सुमारास पेरुगेटाहून अलका चौकाकडे, खांद्याला पिशवी अडकवून चालत निघालेल्या माणसाला पुण्यात दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "गाडी बिघडली का?" आणि दुसरा, "डॉक्टरांनी सांगितलंय वाटतं?" दोन्हींमागे आपुलकीच असते, त्यामुळे रागावण्याचीही सोय नाही. माझी दुचाकी जिन्याखाली सुस्थितीत उभी आहे, साखर अजून तरी आटोक्यात आहे आणि मी कार्यालयात पोहोचण्यासाठीच कार्यालयाकडे चालत आहे, हे मात्र कुणाला पटत नाही. ज्येष्ठात पालख्या मुक्कामाला येतात तेव्हा हीच मंडळी रस्त्याच्या कडेला उभी राहून चालणाऱ्यांच्या पाया पडतात; नोकरीवर चालत जाणाऱ्याची मात्र त्यांना कीव येते.

दोष काही अंशी भाषेचाही असावा. जेवण पचवायला शतपावली आहे, हवा खायला फेरफटका आहे, पुण्यासाठी प्रदक्षिणा आहे, हौसेसाठी भटकंती आहे आणि वाहन मिळाले नाही की पायपीट आहेच. दळणाला, बँकेत किंवा कामावर रोज मुकाट्याने चालत जाण्याला मात्र वेगळा शब्द नाही. 'अकरा नंबरची बस' असे आपण म्हणतो खरे, पण ती थट्टाही खिसा रिकामा असलेल्याचीच.

माझा पल्ला सुमारे अडीच किलोमीटरचा आहे. अलका चौक, लकडी पूल, डेक्कन आणि तिथून प्रभात रस्त्याची एक गल्ली, एवढ्याला मला ३२ मिनिटे लागतात. दुचाकीने १२ मिनिटांत जाता येते असे मी कित्येक वर्षे मानत होतो. पण जिन्याखालून गाडी काढण्यासाठी आधी शेजाऱ्यांची गाडी सरकवणे, सिग्नलला ताटकळणे, एकेरी रस्त्यांमुळे पडणारा वळसा आणि शेवटी गाडी लावायला जागा शोधणे हे सगळे एकदा प्रामाणिकपणे मोजले, तेव्हा वाचणारा वेळ जेमतेम १० मिनिटांवर आला. शिवाय ३२ मिनिटांची ३५ सहसा होत नाहीत. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते, तेव्हाची गोष्ट वेगळी. त्या दिवशी अलका चौकात पायांचेही काही चालत नाही.

चालण्यात सुख आहे, पण ते पदपथावर आहे असे मी म्हणणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागातील पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, म्हणजे दोन माणसे एकमेकांना न धक्का देता जातील आणि गुडघे दुखणाऱ्या आजीही चढू शकतील. जंगली महाराज रस्त्यावर असा ऐसपैस पदपथ आहे, आणि तिथे बाकावर बसलेली माणसे पाहिली की बरे वाटते. माझ्या वाटेवर मात्र दर १५ पावलांवर कुणाचे तरी फाटक येते, विजेची पेटी येते, किंवा सिग्नल चुकवण्यासाठी पदपथावर चढलेली दुचाकी येते आणि वर आपल्यालाच हॉर्न देते. पावसाळ्यात सैल झालेले पेव्हर ब्लॉक हे आणखी एक प्रकरण आहे. वरून तो कोरडा, निरागस दिसतो. एका कोपऱ्यावर पाय पडला की दुसऱ्या कोपऱ्यातून गढूळ पाण्याची पिचकारी थेट पोटरीपर्यंत येते, आणि तीही नेहमी दुसऱ्या पायावर. अनुभवाने मला असे सात ब्लॉक पाठ झाले आहेत. आठवा दरवर्षी नवा असतो.

त्यामुळे जून ते सप्टेंबर मी रबरी सँडल घालतो आणि बूट कार्यालयातच ठेवतो. रेनकोटात आतून घाम येतो, म्हणून छत्रीच बरी. पदपथ नसेल तिथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे, हे एका आरशाने माझ्या कोपराला स्पर्श केल्यावर शिकलो. परतताना भाजी घ्यायची तर तीन किलोंच्या वर जायचे नाही, म्हणजे कलिंगडाचा विचार मनातही आणायचा नाही.

या सगळ्याच्या बदल्यात मिळते ते दुचाकीवरून कधी मिळाले नव्हते. गिरणीत बाजरी पडली आहे की गहू, हे वासावरून कळते. एप्रिल-मे महिन्यांत सोनमोहराचा पिवळा सडा चपलेला चिकटून कार्यालयापर्यंत येतो. पावसाळा सरला की बुचाची लांब देठांची फुले पडतात आणि ती न तुडवता चालण्याच्या नादात माझी दोन मिनिटे जातात. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर भिडे पूल बुडाला की नाही, ही बातमी लकडी पुलाच्या कठड्याशी उभी असलेली गर्दी वर्तमानपत्राच्या आधी देते. डेक्कनच्या कोपऱ्यावर चपला शिवणारे काका माझ्या तळव्यांकडे पाहून म्हणाले होते, "साहेब, उजवी टाच बाहेरून झिजवता तुम्ही. पिशवी डाव्या खांद्यावर घेत चला." माझ्या हाडांविषयी इतके नेमके आजवर कुणी बोललेले नव्हते.

खरी अडचण येते ती मदत नाकारताना. "बसा, सोडतो," असे कुणी गाडी थांबवून म्हटले की नको म्हणणे हा अपमान ठरतो. गेल्या जुलैत धो धो पावसात एका सहकाऱ्यांनी गाडीचे दार उघडून धरले, मागच्या रांगेतून हॉर्न वाजू लागले आणि मी शरण गेलो. ते नगर रस्त्याकडे राहणारे, पेठांतल्या गल्ल्यांची त्यांना माहिती नाही. पूल ओलांडल्यावर त्यांनी विचारले, "आता कसं घेऊ?" रोजच्या सवयीने मी बोट दाखवले, "ही डावीकडची गल्ली, मग लगेच उजवीकडे." त्यांनी विश्वासाने गाडी घातली. त्या गल्लीच्या तोंडाशी 'प्रवेश बंद'ची पाटी आहे, हे मी इतक्या वर्षांत वाचलेले नव्हते. तिच्याखाली रेनकोट घालून उभ्या असलेल्या पोलिसांनी मात्र शांतपणे हात वर केला आणि काच खाली करायला सांगितली.