तुम्ही विचारलंत म्हणून: गोळीची किमो हलकी असते का?

गोळ्यांचा डबा खिडकीतून पुढे सरकवला की हमखास विचारणा होते, "म्हणजे आता सलाईन नाही? मग त्रासही कमी ना? केस तर जाणार नाहीत?" विचारणारा बहुधा नवरा, बहीण नाहीतर मुलगा असतो. पेशंट गप्प राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत असतो. कर्करोगाची औषधं देणाऱ्या फार्मसीत बसून मी वर्षानुवर्षं "प्रत्येकाचं वेगळं असतं" असं म्हणत आले. खोटं नाही ते, पण आळशी उत्तर आहे.

आधी एक गैरसमज. किमोची गोळी हा काही नवा शोध नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरची मर्कॅप्टोप्युरिन १९५३ पासून तोंडानेच घेतली जाते. गोळी असो की सुई, औषध शेवटी रक्तातच उतरतं. मळमळ होते तीही औषध पोटात गेलं एवढ्यासाठीच नाही, मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला खबर लागते म्हणूनही.

पण काही गोळ्यांमागची कल्पना खरोखर देखणी आहे. उदाहरण म्हणून कॅपेसिटाबिन बघा. अमेरिकेत तिला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. गिळताना ती जवळपास निष्क्रिय असते. शरीरातली एन्झाइम्स तीन टप्प्यांत तिचं ५-एफयू, म्हणजे सलाईनमधून देतात तेच जुनं औषध, तयार करतात. शेवटच्या टप्प्याचं एन्झाइम अनेक गाठींमध्ये आजूबाजूच्या पेशींपेक्षा जास्त असतं. म्हणजे विष शक्यतो गाठीतच शिजावं असा बेत. तो थोडाफार साधलाही. शिरेतून झटक्यात दिलेल्या ५-एफयूच्या तुलनेत तोंड कमी येतं, पांढऱ्या पेशी कमी घसरतात. त्रास मात्र तळहात-तळपायांवर उतरला.

एक बाई आठवतात. कॅपेसिटाबिनची तिसरी सायकल, म्हणजे औषधाची तिसरी फेरी, चालू होती. स्ट्रिप माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "जरा फोडून देता का?" बोटांची टोकं लालबुंद, चकचकीत, त्यावरच्या रेषा पुसट झालेल्या. मोबाईलही अंगठा ओळखेना, आकडे दाबून उघडावा लागत होता. चपलेचा पट्टा सहन होत नव्हता म्हणून त्या टाचेवर चालत आल्या होत्या. किती दिवस झाले? आठ. फोन का नाही केलात? "अहो, गोळीच तर आहे. एवढ्याशासाठी डॉक्टरांना कशाला त्रास?" आणि सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, एकही डोस न चुकवता त्या घेत राहिल्या होत्या. इतकी शिस्तीची पेशंट, आणि तीच शिस्त तिच्या अंगाशी आली. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या थांबवल्या, कातडी भरून आल्यावर कमी डोसने पुन्हा सुरू केल्या.

सलाईन लावायला गेलं की नर्स हात बघते, वजन घेते, "जुलाब किती वेळा?" विचारते. गोळी घेणाऱ्याला रोज असं कोणी विचारत नाही. "हलकी" या शब्दावर माझा राग आहे तो त्यामुळे. तो शब्द ऐकला की माणसं त्रास लपवतात.

मग आशा कशाची धरायची? मला तरी ती साध्या गोष्टींत जास्त दिसते. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत कॅपेसिटाबिन घेणाऱ्यांच्या हातांना डायक्लोफेनॅकचं जेल लावलं. हो, तेच, गुडघ्याला चोळतात ते. हातापायांचा मध्यम ते तीव्र त्रास औषध नसलेल्या साध्या जेलच्या गटात १५ टक्के लोकांना झाला, डायक्लोफेनॅकच्या गटात ३.८ टक्के. (आपल्या मनाने लावायला जाऊ नका, विचारून लावा.) दुसरी गोष्ट डीपीडी या एन्झाइमची. ते ज्यांच्यात जन्मतः कमी असतं त्यांच्या शरीरातून ५-एफयू नीट बाहेर पडत नाही आणि कॅपेसिटाबिनचा नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो. त्याची तपासणी करता येते. पहिल्या गोळीआधी त्याबद्दल विचाराच.

नव्या गोळ्यांच्या बातम्या मी जरा हात राखून वाचते. पॅक्लिटॅक्सेल हे सलाईनमधून देतात ते किमोचं औषध. ते तोंडाने दिलं तर आतड्यातला एक पंप ते परत बाहेर फेकतो. तो पंप अडवणारं एन्सेक्विडार जोडीला देऊन स्तनाच्या कर्करोगात चाचणी झाली. सलाईनपेक्षा जास्त जणांच्या गाठी आटल्या, बोटं बधिर होणं आणि केस जाणं कमी झालं. सगळं जमून आलं असं वाटत असतानाच २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मान्यता नाकारली, कारण पांढऱ्या पेशी घसरून होणारे गंभीर परिणाम सलाईनपेक्षा जास्त दिसले होते.

त्याच वर्षी एफडीएने 'प्रोजेक्ट ऑप्टिमस' सुरू केला, त्याची बातमी फारशी झाली नाही. सोसेल तितका डोस वाढवत न्यायचा, ही जुनी रीत. एकाच प्रथिनावर नेम धरणाऱ्या गोळीत, ते प्रथिन एकदा अडलं की डोस वाढवून फायदा वाढेलच असं नाही, जुलाब मात्र वाढतात. म्हणून कंपन्यांनी आधीच वेगवेगळे डोस तोलून बघावेत, असा आग्रह आहे. इमॅटिनिबसारखी, एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावरची, अशी नेम धरणारी गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते. तिथे रोजची डोळ्यांखालची सूज आणि पोटरीतले गोळेही किरकोळ राहत नाहीत.

हल्ली मी डब्यावर जाड पेनाने फोन नंबर लिहून देते आणि खाली: ताप ३८ डिग्री सेल्सिअस, जुलाब, तोंड आलं, हात लाल. रात्री दोन वाजले असले तरी.

आणि केसांचं विचारत होतात ना? कॅपेसिटाबिनने बहुधा थोडे विरळ होतात, सगळे जात नाहीत. दुसरी कुठली गोळी असेल तर आधी नाव सांगा.