पाणी कुठपर्यंत येतं?

इंग्लंडमधल्या तळ्या-डोंगरांच्या लेक डिस्ट्रिक्टला काय काय बघावं याची लिस्ट या पोस्टमध्ये मिळणार नाही, आधीच सांगून टाकते. आम्ही पाच दिवस होतो. दोन पावसात गेले, एक विंडरमिअर तळ्यातल्या बोटीत, एक तिकीट नसलेल्या घराच्या कुंपणाबाहेर, आणि उरलेल्या एका दिवसातले दोन तास अजून डोक्यातून जात नाहीयेत म्हणून हे टाइप करायला बसलेय.

आई पहिल्यांदाच चिपळूणहून माझ्याकडे मँचेस्टरला आलेली. रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका, गुडघे कुरकुरतात पण घरात बसवत नाही. म्हटलं चल, तुला पीटर रॅबिटवाल्या बाईचं घर दाखवते. बीट्रिक्स पॉटर, मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात सशाला निळं जॅकेट घालणारी लेखिका. ऑक्सनहोमला गाडी बदलून विंडरमिअर, तिथून बस, आणि दुसऱ्या दिवशी नीअर सॉरी नावाच्या एवढ्याशा गावात तिचं हिल टॉप. तिथे गेल्यावर कळलं की घर लहान, माणसं फार, म्हणून आत सोडायच्या वेळा ठरलेल्या असतात आणि तिकीट आधी काढायचं असतं. ते मी काढलं नव्हतं. चूक माझीच, त्यामुळे चिडचिड करायलासुद्धा कोणी नाही. आई कुंपणावर हात ठेवून अर्धा तास शेजारच्या शेतातल्या हर्डविक मेंढ्या बघत राहिली. ही कोकरं जन्मतात काळी आणि वय वाढलं की करडी होतात, हे तिला भलतंच आवडलं, म्हणाली, बघ, यांना डाय लागत नाही. पॉटरबाई स्वतः याच मेंढ्या पाळायच्या, आणि 1943 मध्ये गेल्या तेव्हा 4000 एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुनी घरं-जमिनी जपणाऱ्या संस्थेला, देऊन गेल्या, हे मी सांगितलं तर आईने पहिला प्रश्न विचारला, भाऊबंदांनी कोर्टात नाही ओढलं? सशांची पिशवी, सशांचा मग, सशांचे मोजे, सगळीकडे ससेच ससे आणि ते विकत घेणारे आम्ही, मला त्या गर्दीचा वीट आला होता, खरं सांगायचं तर आपण त्या गर्दीतलेच आहोत याचा जास्त.

म्हणून मग अँबलसाइडचं आर्मिट. म्युझियम कम लायब्ररी, 1912 मध्ये उघडलेली, पॉटरबाई सुरुवातीपासूनच्या मेंबर, नवरा तिथला वकील. तिची बुरशीची, म्हणजे आपल्या भाषेत कुत्र्याच्या छत्र्यांची, 450च्या आसपास चित्रं इथे आहेत आणि ती तिने स्वतःच यांना दिली. आधी मेल करून वेळ घेतली होती (एकदा अद्दल घडली की शहाणपण येतं).

वरच्या मजल्यावर लायब्ररी. हात धुवा, पेन आत नको, पेन्सिल चालेल. आई खूश, पहिलीच्या वर्गात आल्यासारखं वाटतंय म्हणाली. तिथल्या बाईंनी चित्रं आणायच्या आत आईने खिडकीतून बाहेर बघितलं, ओढा, पलीकडे तळं, डोंगर, आणि मला म्हणाली, अगं विचार ना यांना, इथे पाणी कुठपर्यंत येतं?

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि विचारावंसं वाटेना. चिपळूणच्या माणसाशिवाय हा प्रश्न कोणी विचारणार नाही. जुलै 2021 मध्ये आमच्या तळमजल्यावर पुरुषभर पाणी होतं. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं 2005 ला भिजली आणि 2021 ला परत भिजली, 1864 सालची लायब्ररी ती. आईने चिखलातली पानं फडक्याने पुसताना मी व्हिडिओ कॉलवर बघितलंय. शेवटी विचारलं. त्या बाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाल्या, 2015 च्या डिसेंबरात डेस्मंड वादळात तळं रस्त्यावर आलं होतं, पण कागद वर असतात. आईने मान डोलावली, जणू शाळा तपासणीत पास केलं.

आणि मग चित्रं. मी सशांच्या अंदाजाने गेले होते, नाजूक, गोंडस वगैरे. ही तशी नाहीतच. छत्री, दांडा, बुडाची माती, बाजूला शेवाळ आणि कुजलेलं पान, मग तीच छत्री मधोमध चिरून आतला भाग. हे चिरून काढायचं तिला चार्ल्स मॅकिंटॉश नावाच्या स्कॉटिश पोस्टमनने शिकवलं. टपाल वाटत रोज मैलोन्मैल चालणारा माणूस, सॉ मिलमध्ये बोटं गेलेली, आणि रानातली प्रत्येक बुरशी ओळखणारा. हिवाळ्यात तो लंडनला पोस्टाने नमुने पाठवायचा आणि ती चित्र काढून एक प्रत त्याला परत पाठवायची. पार्सलमधून कुत्र्याच्या छत्र्या. आई म्हणाली, आमच्याकडे श्रावणात हायवेला पानात बांधून विकतात, पोस्टात कोण घेईल. मग एकेका चित्रावर तिचा निकाल सुरू झाला. ही वारुळावरची वाटते पण नाही. ही खायची नाही. ही तर अजिबात नाही. आणि हिने बुंधा मातीसकट काढलाय, म्हणजे स्वतः खणलंय, बाजारातून नाही आणलं.

याच बाईने स्पोअर, म्हणजे बुरशीचे बीजकण, कसे रुजतात यावर पेपर लिहिला होता. 1 एप्रिल 1897 ला लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत, तो वाचला गेला, पण बायकांना मीटिंगला बसता यायचं नाही म्हणून तो दुसऱ्याने मांडला. नंतर तिने परत घेतला आणि तो कागद आज सापडत नाही. शंभर वर्षांनी, 1997 मध्ये, सोसायटीने झालं ते चुकलं असं मान्य केलं. आईला हे मराठीत सांगितलं तर ती म्हणाली, कागदच गेला ना पण.

शेवटचं चित्र काळंकुट्ट, खवल्यांचं, पाइनच्या फळासारखं. आई म्हणाली, ही चुलीतून काढलेली दिसते. तारीख 3 सप्टेंबर 1893, जागा ईस्टवुड, डंकेल्ड, म्हणजे स्कॉटलंड. मी सहज फोनवर बघितलं आणि गप्प झाले. दुसऱ्या दिवशी, 4 सप्टेंबरला, त्याच घरातून तिने आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएलला, पत्र लिहिलं होतं. तुला काय लिहू कळत नाही म्हणून चार सशांची गोष्ट सांगते, असं. तेच ते पत्र, पीटर रॅबिट तिथून सुरू. म्हणजे आदल्या दिवशी ही जळकी छत्री आणि दुसऱ्या दिवशी ससा. मी सशाच्या मागे ऐंशीएक मैल आले आणि छत्रीबद्दल शाळेत, कॉलेजात, कुठेच कोणी अक्षर बोललं नव्हतं.

आई मात्र पत्रावरच अडकली. म्हणाली, त्या मुलाने पत्र ठेवलं म्हणून. हो, ठेवलं. 1900 च्या सुमारास तिने ते परत मागून घेतलं, पुस्तक केलं, प्रकाशकांनी नाही म्हटल्यावर 1901 च्या डिसेंबरात स्वतःच्या खर्चाने 250 प्रती काढल्या, मग पुढच्या वर्षी वॉर्न ही प्रकाशन कंपनी आली.

आता कबुली. मी पुण्याला होस्टेलला असताना आई दर आठवड्याला इनलँड लेटर लिहायची. तिचीही सुरुवात हीच, काय लिहू कळत नाही, मग मांजर, मग पाऊस, मग वर्गातली पोरं. होस्टेल सोडताना मी ती सगळी रद्दीत दिली, किलोवर. बसमध्ये बसल्यावर मला वाटलं ती विचारणार, तू माझी ठेवलीस का. मी काय सांगायचं ते ठरवूनही ठेवलं होतं, खोटंच. तिने विचारलं नाही. उलट तीच बाहेर बघत म्हणाली, तुझी माझ्याकडे होती गं सगळी, खालच्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत. वर न्यायला पाहिजे होती.

मी तिला पुढचा स्टॉप दाखवला, बहुतेक कुठलं तरी धबधब्याचं नाव पण सांगितलं.

म्युझियममध्ये आईने ससा सोडून एका छत्रीचं पोस्टकार्ड घेतलं होतं. ती चिपळूणला परत गेल्यावर ते मला स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात सापडलं, सगळ्यात वरच्या, जिथे माझाही हात स्टुलाशिवाय पोचत नाही. मागे पेन्सिलीने, वळणदार अक्षरात, तारीख, अँबलसाइड, आणि खाली: खाऊ नये.