पेंचमधली मचाणावरची रात्र: सांबर, वारा आणि आपला वास

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पेंचमध्ये पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून आलो. मी, माझा भाचा आणि जवळच्याच गावातले गाइड काका. वाघ आला नाही. माझा जीव सांबरात अडकला होता. सांबर आलं, पण त्याआधी एक मादी आमच्या वासाने उलट फिरली. पुढच्या उन्हाळ्यात कुणी जाणार असेल तर त्याच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या घरात आजोबांच्या तोंडी शिकारीच्या गोष्टी असायच्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ते चांगलंच झालं. पण हरणाला ‘वारा द्यायचा नाही’, म्हणजे आपला वास वाऱ्यावरून त्याच्याकडे जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची शिकवण मचाणावर बसणाऱ्यालाही तेवढीच लागते.

तयारी आठवडाभर आधी सुरू केली. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतो; त्वचेवरचे जिवाणू त्याच्यावर काम करतात तेव्हा तो सुटतो. त्यामुळे कपड्यांवर जास्त लक्ष दिलं. जुने, सुती, मळखाऊ रंगाचे कपडे खायच्या सोड्याच्या पाण्यात धुतले, सुगंधी पावडर लावली नाही, आणि फोडणीचा वास लागू नये म्हणून गच्चीवर वाळवले. पॉलिएस्टरचे टी-शर्ट नेऊ नका, त्यात घामाचा वास धरून राहतो. आणि हे कपडे घरून घालून निघू नका. पेट्रोल पंप, ढाबा, गाडीतलं अत्तर सगळं अंगावर चढतं. आम्ही पिशवीत बांधून नेले आणि पोचल्यावर बदलले. केसांना तेल नाही, डिओ नाही, मच्छरांचं क्रीम नाही. त्याऐवजी लांब बाह्या आणि पायमोजे.

खाण्याचं जरा जड जातं. सावजी आदल्या दिवशीही नको, कारण लसणाचा वास दुसऱ्या दिवशीसुद्धा श्वासातून येत राहतो. ऊन लागू नये म्हणून आपण खिशात कांदा ठेवतो, तो गाडीतच राहू द्या. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्याला सोबत नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही दशम्या आणि गूळ नेला, घट्ट झाकणाच्या डब्यात. लघवीसाठी झाकणाची बाटली ठेवा. मचाणाखाली काहीही सांडायचं नाही, चूळसुद्धा भरायची नाही.

नागपूरहून जबलपूर रस्त्याने मनसर ओलांडलं की पुढे पवनीला डावीकडे वळून सिल्लारी. साधारण ७० किलोमीटर. दुपारी चारच्या सुमाराला मचाणावर चढलो. सागाला पान नव्हतं, फळ्या हाताला चटका देत होत्या.

काकांनी खिशातून सावरीच्या बोंडातला चिमूटभर कापूस काढला, एक तंतू बोटांत सुटा केला आणि सोडला. ती म्हातारी पाण्याकडून आमच्याकडे आली, डोक्यावरून वर चढत मागे निघून गेली. मचाण पाणवठ्याच्या पूर्वेला होतं आणि वारा पश्चिमेचा. तापलेली हवा वर जात असल्यामुळे आमचा वासही वरच जात होता. साडेपाचला सात चितळं आली, माना खाली घालून पाणी प्यायली आणि आरामात गेली.

दिवस मावळला, वारा पडला. आठनंतर समोरच्या झुडपातून सांबराची मादी बाहेर आली. तीस-एक पावलांवर थांबली. चांदण्यात तिचं ओलं नाक चकाकत होतं. जिभेने ते पुन्हा चाटलं, मान उंच केली आणि पुढचा पाय जमिनीवर आपटला. मग ‘ढांक!’ आणि शेपूट वर करून ती गेली. आम्ही तिघं तर हललोही नव्हतो.

काकांनी पुन्हा कापूस सोडला. म्हातारी क्षणभर तिथेच तरंगली, मग हळूहळू खाली बसत पाण्याकडे गेली. काका कुजबुजले, “ताई, हवा पलटली. आपला वास पाण्याकडं जाऊन राहिला.”

अंधार पडला की जमीन थंड होते. तिच्यावरची हवा गार आणि जड होऊन उताराने नाल्याकडे वाहते. पाणवठा असतोच खोलगट जागी, म्हणजे मचाणावरच्या माणसाचा वास थेट पाण्यावर उतरतो. दिवसाची दिशा बघून निश्चिंत झालो, तिथेच आमची चूक झाली.

अमेरिकेत हरणांची शिकार कायदेशीर आहे. तिथले काही शिकारी कोळशाचा थर असलेले कपडे घालतात, वास मारणारे फवारे वापरतात. तरीही श्वास चालूच असतो, त्यामुळे वास पूर्ण जात नाही. आम्ही घामेजलेले शर्ट आणि रुमाल काढून पिशवीत घट्ट बांधले, कोरडे घातले आणि पाण्यापासून लांबच्या कोपऱ्यात सरकलो. बाकी वाट बघणं. म्हणून सुटे सुती कपडे दोन जोड न्या, आणि पहिला जोड चढतानाच भिजतो हे धरून चाला.

अकरानंतर पश्चिमेची बारीक झुळूक सुरू झाली. कापसाचा तंतू पुन्हा आमच्या तोंडावर येऊ लागला. साडेअकराला सांबर आलं, या वेळी सोबत पिल्लू होतं. पाणी पिताना होणारा घुटक्यांचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. तिने तोंड वर केलं की हनुवटीवरून थेंब पाण्यात पडायचे, आणि पिल्लू दर वेळी कान टवकारायचं. दहा मिनिटं तरी दोघं होती. भाच्याने माझा हात घट्ट धरला होता.

कापूस मिळाला नाही तर चुलीची राख कापडात बांधून न्या. टाल्कम पावडर नको, तिलाच वास असतो. आणि जायच्या आधी घरच्या गच्चीवर एक उदबत्ती लावून बघा. दुपारी धूर कसा जातो, दिवस मावळल्यावर कसा जातो, हे डोळ्यांनी बघितलं की मचाणावर कोणता कोपरा धरायचा ते कळतं. बुकिंग मिळालं की गाइडला पहिलाच प्रश्न विचारा: रात्री इथली हवा कुठे उतरते?

सकाळी शिडीवरून उतरलो तेव्हा काकांनी ओल्या मातीतले खूर दाखवले. मोठे आणि छोटे, जोडीने. ते सरळ पाण्यावर आलेच नव्हते. सांबर पिल्लाला घेऊन आमच्या मचाणामागून लांबून अर्धा फेरा मारून आलं होतं, आणि शिडीच्या मागे एका जागी माती जास्त तुडवलेली होती. तिथे थांबून तिने आधी आमचा वास घेतला होता.