चव्वेचाळिसाव्या वर्षी शीड हाती घेताना

नेरुळला राहायला येऊन वीस वर्षे झाली, तरी खाडी मी वाशीच्या पुलावरून जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतूनच पाहत आले होते. गेल्या ऑक्टोबरमध्ये, पावसाळ्यात बंद असलेला हंगाम पुन्हा सुरू झाला, तेव्हा खाडीकाठच्या एका लहानशा सेलिंग क्लबमध्ये मी नवशिकी म्हणून नाव नोंदवले. अर्ज, डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि तलावात पन्नास मीटर पोहून दाखवणे, एवढ्यावर प्रवेश मिळाला. वयाचा प्रश्न कोणीही काढला नाही, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पहिले दोन रविवार बोटीत बसायलाच मिळाले नाही. डोलकाठी उभी करणे, शीड चढवणे, गाठी मारणे आणि परत आलेल्या बोटी गोड्या पाण्याने धुणे हीच कामे होती, कारण खारे पाणी धातूच्या कड्या-कप्प्या खाऊन टाकते. सगळे सदस्य मिळून बोट उचलत असल्याने अनोळखीपणा तिथेच संपला.

खरे शिक्षण मात्र भरती-ओहोटीचे होते. आमच्या बाजूला ओहोटीला नुसता चिखल उरतो, त्यामुळे बोट केव्हा उतरवायची हे घड्याळापेक्षा तिथी ठरवते. दिवाळे कोळीवाड्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला हिशेब सांगितला : "ताई, तिथीची पाऊणपट करा, तीच भरतीची वेळ." तृतीयेला साधारण सव्वादोन, अष्टमीला सहा. म्हणजे तृतीयेच्या दुपारी पाणी आणि खारा वारा दोन्ही अनुकूल असतात, तर अष्टमीच्या दुपारी बोट जागची हलत नाही. घरातल्या कॅलेंडरकडे मी एवढ्या बारकाईने पूर्वी कधीच पाहिले नव्हते.

बोट मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करण्याच्या सरावाची मला सर्वांत अधिक भीती होती. बोट आडवी पडली, मी लाइफ जॅकेटच्या आधारे वर आले आणि शिडाची दोरी घट्ट धरून ठेवली, तेव्हा सुरक्षा-बोटीतून आवाज आला, "दोरी सोडा, ताई!" शीड ताणलेले राहिले, तर बोट उभी राहता राहता वाऱ्याने पुन्हा कलंडते, हे मला वर्गात समजले होते, पण हाताला ते त्या क्षणी कळले. मग पोहत तळाच्या बाजूला जाऊन मी सेंटरबोर्डवर, म्हणजे बोटीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर, भार दिला, मागे रेलले आणि डोलकाठी हळूहळू पाण्यातून वर येताना पाहिली. तिसऱ्या खेपेस हे मला विनासाहाय्य जमले.

वारा जिकडून येतो तिकडे सरळ जाता येत नाही, दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंश सोडून नागमोडी पुढे सरकावे लागते, हे अंगवळणी पडायला डिसेंबर उजाडला. वळताना सुकाणू अर्धवट फिरवले की शीड नुसते फडफडते आणि बोट थबकते. त्या वेळी घाई न करता ती मागे सरू द्यावी आणि सुकाणू उलट धरावे, असे मला शिकवले गेले.

येत्या रविवारी एकादशी आहे, म्हणजे भरती सव्वाआठच्या सुमारास. सकाळचा मतलई वारा मंद असतो, म्हणून त्या दिवशी मला प्रथमच एकटीला बोट दिली जाणार आहे.