ऑटो-स्केलिंग होतं, तरी साइट पडली कशी?

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारे बदलतात. कधी बिलं तपासणारे, कधी नवे मॅनेजर, कधी नुकतंच क्लाउडचं सर्टिफिकेट घेऊन आलेलं पोरगं. सूर तोच: "गर्दी वाढली की मशिनं आपोआप वाढतात म्हणता ना? मग साइट पडलीच कशी?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ऑटो-स्केलिंग उशिरा येतं. त्यात बिघाड काही नसतो, त्याची घडणच तशी आहे. आधी गर्दी व्हावी लागते. मग ती मोजली जाते, मोजलेलं खरंच टिकून आहे का ते पाहिलं जातं, मग नवी व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे क्लाउडमधला भाड्याचा संगणक) मागवली जाते, ती उठते, तयार होते, रिक्वेस्ट मशिनांत वाटून देणारा लोड बॅलन्सर तिला तपासतो आणि तेव्हा कुठे तिच्याकडे पहिली रिक्वेस्ट जाते. प्रत्येक पायरीला थोडा थोडा वेळ लागतो. या सगळ्याची बेरीज सहसा कुणी केलेली नसते. आम्हीही केली नव्हती.

आमचं काम नोंदणीच्या एका पोर्टलचं होतं. नोंदणी सकाळी बरोबर दहाला उघडणार, हे सगळ्यांना आठवडाभर आधी कळवलेलं. चार व्हीएम, पुढे लोड बॅलन्सर, मागे एक पोस्टग्रेसचा डेटाबेस. नियम साधा होता: सीपीयूची सरासरी सलग तीन मिनिटं ६० टक्क्यांच्या वर राहिली की आणखी चार व्हीएम लावायच्या. आदल्या दिवशी टेस्टही केली होती. लोड हळूहळू वाढवत नेला, मशिनं वाढली, सगळे खूश होऊन घरी गेलो. ‘हळूहळू’ हा शब्द तेव्हा कुणाला खटकला नाही.

दहाला दार उघडलं आणि लोड हळूहळू नाही, एका मिनिटात आला. तीन मिनिटं नियमाप्रमाणे वाट पाहण्यात गेली, आकडे पोहोचायला आणखी एक. १०:०४ ला चार नव्या व्हीएमची मागणी गेली. त्या उठायला दीड मिनिट. उठल्यावर आमची स्क्रिप्ट चालायची: पॅकेजेस उतरवा, अ‍ॅप आणा, कॉन्फिग बसवा. त्याला चार मिनिटं. म्हणजे अ‍ॅप सुरू व्हायलाच जवळजवळ दहा वाजून दहा मिनिटं झाली. त्यानंतर लोड बॅलन्सरची तपासणी: दर ३० सेकंदांनी एक हेल्थ चेक, म्हणजे ‘बरं आहे ना?’ अशी विचारणा, सलग पाच पास झाले की मशीन धडधाकट. म्हणजे आणखी दोन-अडीच मिनिटं. सगळं सुरळीत झालं असतं तरी मदत १०:१२ च्या आधी पोहोचणार नव्हती. तोवर जुन्या चार मशिनांचा जीव कंठाशी आला होता, आणि पान उघडत नाही म्हणून लोक रिफ्रेश दाबत होते. प्रत्येक रिफ्रेश म्हणजे नवी रिक्वेस्ट. जुनी रिक्वेस्ट रांगेत तशीच पडून. तिचं उत्तर घ्यायला पलीकडे आता कुणी नाही, पण मशीन ते काम इमानेइतबारे करत राहतं.

सुरळीत मात्र झालं नाही. पोस्टग्रेसमध्ये कनेक्शनची मूळ मर्यादा १०० असते, त्यातली ३ सुपरयूझरसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी, राखीव. आम्ही ती कधी बदललीच नव्हती. आमच्या प्रत्येक व्हीएमचा पूल, म्हणजे उघडून धरून ठेवलेला साठा, २० कनेक्शनचा. चार मशिनांची झाली ८०. उरली १७. आता चार नवी मशिनं एकदम उठली आणि प्रत्येकीला वीस-वीस हवीत. लॉगमध्ये एकच ओळ भराभर खाली सरकत होती, पोस्टग्रेसचं ते माफी मागणारं वाक्य: ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. कनेक्शन मिळालं नाही की आमचं अ‍ॅप ताबडतोब पुन्हा मागायचं, मध्ये उसंत नाही. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी करतो, त्यामुळे नाही म्हणायलाही त्याला कष्ट पडतात. थोड्याच वेळात डेटाबेसचा बराचसा वेळ नकार देण्यातच जायला लागला.

आणि मग कळस. आमचा हेल्थ चेक डेटाबेसमध्ये एक छोटीशी क्वेरी मारून यायचा. अ‍ॅप नुसतं चालू आहे की खरोखर काम करतंय हे कळावं, असा उदात्त विचार त्यामागे होता (विचार माझाच). डेटाबेस मंदावल्यावर ती क्वेरी पाच सेकंदांत परत येईना. दोन चेक नापास झाले, की मशीन आजारी. जुनी चारही मशिनं, जी रडतखडत का होईना पण काम करत होती, ती ‘आजारी’ ठरली आणि ऑटो-स्केलिंगने ती एकेक करून मारायला घेतली. आजारी मशीन काढा, नवं लावा, हाच त्याचा नियम. आम्हीच शिकवलेला. ग्राफवर मशिनांची संख्या वर-खाली होत होती, तेही मोठ्या शिस्तीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की यंत्रणा काय सुंदर काम करतेय.

शेवटी मशिनं मारणं थांबवलं, पूल २० वरून ८ वर आणला, हेल्थ चेकमधला डेटाबेस काढला आणि दहा व्हीएम हातानं उभ्या केल्या. दहा आठे ऐंशी, मर्यादेच्या आत. १०:४० ला पान उघडायला लागलं.

यात क्लाउडची चूक शोधायला गेलात तर सापडत नाही. प्रत्येक भागानं सांगितलेलं काम केलं. अ‍ॅमेझॉनच्या ईसीटू व्हीएम २००६ मध्ये आल्या. पण मॉनिटरिंग, ऑटो-स्केलिंग आणि लोड बॅलन्सिंग या तीन सेवा त्यांनी मे २००९ मध्ये एकदमच बाजारात आणल्या. मला हे फार बोलकं वाटतं. मोजणारा, मागवणारा आणि वाटणारा, तिघांचं एकमेकांवाचून चालत नाही. आपण मात्र तिघांची सेटिंग्ज तीन वेगवेगळ्या पानांवर, तीन वेगवेगळ्या दिवशी भरतो आणि बऱ्याचदा मूळ आकडे तसेच सोडतो.

पुढचा प्रश्न बहुतेक असा येतो: "मग ६० टक्क्यांचा आकडा ८० करू या का? मशिनं पूर्ण वापरली तरी जातील." नका करू. रांगेचं गणित सरळ रेषेत वाढत नाही. हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांच्या कामातून पुढे आलेलं गणित. त्यांचा पहिला लेख १९०९ चा. सर्वांत साधं मॉडेल घ्या: काम करणारा एक, रिक्वेस्ट कशाही वेळी येणाऱ्या, कामाचा वेळही कमीजास्त. एका कामाला सरासरी १०० मिलिसेकंद लागत असतील, तर मशीन ५० टक्के भरलेलं असताना रांगेसकट २०० लागतात. ८० टक्क्यांना ५००. ९० ला पूर्ण एक सेकंद, ९५ ला दोन. म्हणजे ५० वरून ८० पर्यंत जाताना जेवढं बिघडतं, त्याच्या कितीतरी पट पुढच्या १५ टक्क्यांत बिघडतं. वरची रिकामी जागा वाया गेली असं हिशेबात दिसतं खरं, पण नवी मशिनं येईपर्यंतची मिनिटं आपण त्याच जागेवर काढत असतो.

आता मोजणाऱ्याबद्दल, कारण माझे सगळ्यात जास्त तास तिथे गेलेत. क्लाउड तुमच्या व्हीएमकडे बाहेरून बघतो. सीपीयू किती वापरला, नेटवर्कवरून किती गेलं-आलं हे त्याला दिसतं. आत मेमरी किती उरली ते सहसा दिसत नाही. त्यासाठी व्हीएमच्या आत एजंट, म्हणजे आतले आकडे बाहेर पाठवणारा छोटा प्रोग्राम, बसवावा लागतो. ईसीटूचं साधं मॉनिटरिंग आकडे दर पाच मिनिटांनी देतं, एका मिनिटाचे हवे असतील तर वेगळे पैसे. पाच मिनिटांच्या आकड्यांवर ऑटो-स्केलिंग चालवणं म्हणजे आरशात मागचं बघत गाडी पुढे नेणं.

पण सीपीयूचा आकडा तरी खरा असतो का? एकदा एक साइट रोज दुपारी रखडायची आणि ग्राफवर सीपीयू शांतपणे २० टक्क्यांवर. त्याच्या वर नाही, खाली नाही, पट्टी ठेवून ओढल्यासारखी रेघ. दोन दिवस आम्ही डेटाबेसला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की व्हीएम ईसीटूच्या टी२ स्मॉल जातीच्या आहेत. त्यांना सीपीयू क्रेडिट मिळतात, म्हणजे मूळ पातळीच्या वर जोर लावायची शिल्लक. ती संपली की मशीन आपल्या मूळ पातळीवर दाबलं जातं, आणि टी२ स्मॉलची मूळ पातळी आहे २० टक्के. मशीन गुदमरत होतं, ऑटो-स्केलिंग ६० ची वाट पाहत बसलं होतं. ते ६० कधी येणारच नव्हते. तेव्हापासून एकदम सपाट रेघ दिसली की मला आधी शंका येते. जिवंत माणसांच्या वापराचा ग्राफ सपाट नसतो.

सरासरीचंही तेच. चार मशिनांची सरासरी ५० असते तेव्हा त्यातलं एक ९५ वर असू शकतं, आणि त्याच्याकडे गेलेल्या माणसाला तुमच्या सरासरीशी काही देणंघेणं नसतं. म्हणून मी हल्ली सीपीयूच्या आधी दोन गोष्टी पाहतो: प्रत्येक मशिनाकडे एका वेळी किती रिक्वेस्ट अडकल्यात, आणि सगळ्यांत हळू एक टक्का लोकांना किती वेळ लागतोय.

लोड बॅलन्सरबद्दल फार लिहीत नाही, तो बिचारा बहुधा निर्दोष असतो. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. पाळीपाळीने वाटण्याऐवजी ‘ज्याच्याकडे सध्या सर्वांत कमी काम बाकी आहे त्याला द्या’ ही पद्धत शहाणपणाची वाटते, आणि बहुतेक वेळा असतेही. पण एखादं मशीन बिघडलं आणि प्रत्येक रिक्वेस्टला तीन मिलिसेकंदांत ५०० नंबरची (सर्व्हरच्या आत बिघाड झाल्याची) एरर द्यायला लागलं, तर बाकी सगळे मान मोडून काम करत असताना सर्वांत मोकळं तेच दिसतं. मग सगळी गर्दी त्याच्याकडे. कामचुकार माणसाचं टेबल नेहमी स्वच्छ असतं, तशातली गत. हेल्थ चेक नुसता ‘प्रोसेस जिवंत आहे का’ एवढंच विचारत असेल तर हे पकडलं जात नाही. आणि फार खोलात जाऊन विचारत असेल तर काय होतं ते वर सांगितलंच. मधला मार्ग आम्ही असा काढला: चेकमध्ये फक्त त्या मशिनाच्या स्वतःच्या गोष्टी, म्हणजे डिस्क, कॉन्फिग, स्वतःच्या एररचं प्रमाण. सगळ्यांचा मिळून जो एक डेटाबेस, त्याच्यासाठी वेगळा अलार्म. तो वाजला तर माणसाला उठवायचं, मशिनाला मारायचं नाही.

"मग ऑटो-स्केलिंग घ्यायचंच कशाला?" असंही मला ऐकवतात. घ्या ना. सकाळपासून दुपारपर्यंत चढत जाणारी गर्दी ते छान सांभाळतं, रात्री मशिनं कमी करून बिल उतरवतं, आणि मध्यरात्री एखादं मेलं तर मला न उठवता दुसरं लावतं. या शेवटच्या एका कामासाठीही मी ते ठेवीन. पण गर्दीची वेळ आधीच माहीत असेल, तर नियमाची वाट पाहण्यात काय अर्थ आहे? त्या पोर्टलला आता घड्याळ लावलंय: नोंदणीच्या दिवशी साडेनऊलाच दहा व्हीएम उभ्या, अलार्मचा संबंध नाही. स्क्रिप्टची कामं आधीच उरकून तयार इमेज, म्हणजे सगळं बसवलेल्या मशिनाची प्रत, बनवली, त्यामुळे अ‍ॅप उठायला साडेपाच मिनिटं लागायची ती दोनच्या आत आली. कनेक्शन नाकारलं गेलं तर अ‍ॅप थांबून मागतं, दर वेळी जास्त थांबतं, आणि त्या थांबण्यात थोडा यदृच्छेचा भाग ठेवलाय, म्हणजे सगळी मशिनं एकाच क्षणी दार वाजवत नाहीत. मशिनं वाढवायची ती झटकन, कमी करायची ती रेंगाळत.

हल्ली कुणी हा प्रश्न विचारला की मी आधी उलट विचारतो: व्हीएम मागवल्यापासून तिला पहिली रिक्वेस्ट मिळेपर्यंत तुमच्याकडे किती मिनिटं लागतात? परवा एका टीमच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "दोन-तीन असतील." म्हटलं, मोज. तिनं भरदुपारी एक व्हीएम मुद्दाम मारली आणि घड्याळ लावून बसली. संध्याकाळी तिचा मेसेज आला: "सर, अकरा मिनिटं. आणि ती उठल्यावर डेटाबेसचा अलार्म वाजला."