लेंडीत न सापडलेला आजार

दिवाळी झाली की माळशेज घाट उतरून मेंढ्यांचे वाडे, म्हणजे कळपासकट फिरणारे धनगरांचे तळ, मुरबाडकडच्या भातखाचरांत यायला लागतात. पारनेर-संगमनेरकडचा माळ तोवर सुकत आलेला असतो आणि इकडे भात कापून झालेलं, बांधाच्या कडेला अजून हिरवं असतं. धनगराला चारा हवा, शेतकऱ्याला लेंडीखत हवं. दोघांचाही व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा. मी त्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होते, त्यामुळे हिवाळ्यात माझं निम्मं काम गाईम्हशींचं आणि निम्मं या वाड्यांचं असायचं.

डिसेंबर संपत आला होता. सकाळीच एका वाड्यावरून फोन आला. काल संध्याकाळपर्यंत चरत होती ती मेंढरं सकाळी वाघुरीतच, म्हणजे रात्री कोंडायच्या जाळीतच, ताठ झालेली. आधी दोन गेली होती, मग तीन, आणि त्या रात्रीत आणखी चार. मी आणि आमचा ड्रेसर, म्हणजे दवाखान्यातला मदतनीस, मोटारसायकलवर सामान बांधून निघालो.

वाड्याचे मालक पन्नाशी ओलांडलेले. मी त्यांना मामा म्हणत असे. ते काही बोलण्याआधी मामींनीच पिशवीतून औषधाची रिकामी बाटली काढून दाखवली. "मॅडम, जंताचं औषध पाजलंय. पंधरा दिस झालं. लेंडी पण तपासून आणली, काय बी न्हाई म्हणले." बाटली ऑक्सिक्लोझानाइडची होती, म्हणजे औषध बरोबर आजाराचं. चपट्या कृमींसाठी, ज्यांना आपण पर्णकृमी किंवा लिव्हर फ्लूक म्हणतो, तेच देतात. खाजगी प्रयोगशाळेचा कागदही होता, त्यावर लेंडीत अंडी नाहीत असं लिहिलेलं. साहजिकच मामांच्या डोक्यातून जंताचा विषय गेला होता. त्यांचा संशय आंत्रविषारावर, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणाऱ्या आजारावर होता, आणि खरं सांगायचं तर येताना माझ्याही डोक्यात तोच होता. धडधाकट जनावर रातोरात मरतं म्हटलं की मेंढ्यांत पहिलं नाव तेच येतं.

मेलेलं मेंढरू लगेच फाडायचं नसतं. अचानक मृत्यू असेल तर आधी फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, नाही याची खात्री करायची. शव उघडलं आणि आत ते जंतू असले तर हवा लागताच त्यांचे बीजाणू तयार होतात आणि ती जमीन वर्षानुवर्षं धोक्याची होते. कानाच्या शिरेला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढला, मिथिलीन ब्ल्यूनं रंगवला आणि गाडीच्या सीटवर सूक्ष्मदर्शक ठेवून पाहिलं. काही नव्हतं. नाकागुदातून काळं रक्तही आलेलं नव्हतं. मग मेणकापडावर एक मेंढी घेतली, त्यातली सगळ्यात ताजी, पहाटे गेलेली.

पापणी उलटली तर आतली त्वचा पांढरीफटक, म्हणजे अंगात रक्तच कमी. हा पहिला धागा. आंत्रविषारानं मेलेलं मेंढरू असं पांढरं पडत नाही, त्याला तेवढा वेळच मिळत नाही. तरी मूत्राशयातून सिरिंजनं लघवी ओढून पट्टी बुडवली, कारण आंत्रविषारात पुष्कळदा लघवीत साखर सापडते. पट्टीचा रंग बदलला नाही. मूत्रपिंड बाहेर काढून आवरण सोललं, आतला भाग घट्ट आणि नीट होता. आंत्रविषारात मूत्रपिंड इतकं लवकर विरघळायला लागतं की बोटात लगद्यासारखं येतं. तो आजार तिथेच बाजूला पडला.

पोट उघडल्यावर मात्र आतून तांबूस पाणी आलं, बरंच. त्यात पांढरट तंतू तरंगत होते. यकृतावर हात ठेवला आणि मला कळलं की आपण योग्य अवयवापाशी आलो.

निरोगी मेंढीचं यकृत ज्यांनी खाटकाकडे पाहिलंय त्यांना त्याचा तो गडद तांबडा, तुळतुळीत रंग माहीत असतो. कड धारदार असते, बोटानं दाबलं तर दबून परत वर येतं. हे यकृत सुजलेलं, फिकट, कडा बोथट झालेल्या, वर खडबडीत पापुद्रा चढलेला. अंगठा जरा जोरात टेकवला तर सरळ आत गेला. पृष्ठभागावर गडद लाल, वेड्यावाकड्या रेघा होत्या, डाव्या बाजूला जास्त. मी आधी पित्ताशय कापलं, मग मोठ्या पित्तनलिका कात्रीनं उभ्या चिरत गेले. तिथे पूर्ण वाढलेला एकही कृमी नव्हता. ड्रेसर म्हणाला, "मॅडम, फ्लूक नाही ना मग." आपल्याकडच्या पर्णकृमीचा प्रौढ पानासारखा चांगला लांबुडका वाढतो, क्वचित सात सेंटिमीटरपर्यंतही, तो दिसल्याशिवाय राहत नाही. बहुतेक जण इथेच थांबतात.

यकृताचे सुरीनं पातळ काप केले. प्रत्येक कापावर दोन-तीन मिलिमीटर रुंदीचे बोगदे, रक्तानं आणि मऊ लगद्यानं भरलेले. खेकड्यांनी पोखरलेला खाचराचा बांध आतून जसा दिसतो तसं ते यकृत दिसत होतं. पातेल्यात कोमट मिठाचं पाणी घेऊन त्यात काप टाकले आणि हलके दाबले. थोड्या वेळानं तळाशी काहीतरी वळवळायला लागलं. राखाडी-पांढरे, काही तर तिळाहून जेमतेम मोठे. बोगदे पाडणारे हेच, पर्णकृमीची कोवळी पिल्लं. मामांना जवळ बोलावून भिंग दिलं. ते बराच वेळ पातेल्यावर वाकून होते. मग मामींना हाक मारली आणि त्यांच्या हातात भिंग दिलं.

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गोंधळ नेमका इथेच होतो. यकृताचे ढोबळमानाने दोन भाग धरता येतात. एक त्याचा सांगाडा, म्हणजे वरचं आवरण, आत शिरणारे तंतू, रक्तवाहिन्या, पित्तनलिका. दुसरा काम करणाऱ्या पेशींचा गाभा, ज्याला आम्ही पॅरेन्कायमा म्हणतो. पित्त बनवणं, रक्तातली प्रथिनं आणि रक्त गोठवणारे घटक तयार करणं, साखर साठवणं, विषारी द्रव्यं निकामी करणं, हे सगळं तिथे चालतं. हृदयाचा स्नायू, मूत्रपिंडातल्या गाळण्या आणि नळ्या, फुप्फुसातले वायुकोश, हे त्या त्या अवयवाचे असेच कामकरी भाग. अवयव बाहेरून शाबूत दिसला तरी हा गाभा गेला की जनावर जातं.

पर्णकृमी आयुष्यातला मोठा काळ पित्तनलिकेत काढतो आणि तिथेच अंडी घालतो. ती पित्तातून आतड्यात आणि लेंडीतून बाहेर येतात. लेंडीची तपासणी याच कृमीला पकडते. पण पित्तनलिकेत पोचण्याआधी त्याला गाभ्यातून जावं लागतं. ओल्या गवतावर, भाताच्या धसकटावर चिकटलेले त्याचे कोष मेंढीच्या पोटात जातात. पिल्लू आतड्याची भिंत फोडून पोटाच्या पोकळीत येतं, यकृताचं आवरण भेदतं आणि कित्येक आठवडे पेशी खात, रक्तवाहिन्या फोडत फिरतं. अंडी घालायला लागेपर्यंत तीन महिने किंवा त्याहून जास्त जातात. पाच-दहा पिल्लं असतील तर मेंढी सोसते. एकदम शेकड्यांनी शिरली तर आठ आठवड्यांच्या आतच यकृतातला रक्तस्राव तिला मारतो. लेंडीत तोवर एकही अंडं नसतं आणि पित्तनलिकाही रिकाम्या असतात.

मामांचा वाडा घाट उतरून दीड-दोन महिने झाले होते. हिशोब तंतोतंत जुळत होता.

त्यांनी दिलेलं औषध खोटं नव्हतं. ऑक्सिक्लोझानाइड पित्तनलिकेतल्या प्रौढ कृमीवर चांगलं चालतं, गाभ्यात फिरणाऱ्या पिल्लांवर नाही. अल्बेंडाझोलचंही तसंच. कोवळ्या पिल्लांपर्यंत पोचणारं ट्रायक्लाबेंडाझोल लागतं, मेंढीला किलोमागे १० मिलिग्रॅम. ते त्या वेळी आमच्याकडे शिल्लक नव्हतं. मामांच्या मुलानं कल्याणला जाऊन संध्याकाळपर्यंत आणलं. (या औषधालाही न जुमानणारे पर्णकृमी ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये नोंदले गेले आणि पुढे युरोपातही दिसले. म्हणून ते दर महिन्याला ऊठसूट पाजायचं औषध नव्हे, हे त्याच दिवशी मामांना बजावलं.)

पाजताना मी फार काळजी घ्यायला लावली. एरवी मेंढरं कुत्र्यांकडून कोंडतात, मग एकेक धरून आपटून बसवतात. यकृत असं पोखरलेलं असताना धावपळ झाली, पोटावर गुडघा टेकला तर आवरण फाटून मेंढी हातातच जाते. कुत्रे लांब बांधले. मामींनी हळूहळू दाणे टाकत एकेक मेंढरू पुढे घेतलं आणि आम्ही उभ्या-उभ्याच पाजलं. अंधार पडला, बॅटरीवर चाललं. तरी त्या रात्री आणखी दोन गेली. त्यांच्या यकृतात वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढच्या काही दिवसांत मरतूक थांबली.

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर चराईच्या जागा पायी फिरले. दोष एका पाणथळ खाचरात होता. वरच्या बंधाऱ्याचं पाणी झिरपून तिथे हिवाळ्यातही ओल राहायची, म्हणून तिथलं गवत सगळ्यांत हिरवं आणि मेंढ्याही तिथेच रेंगाळायच्या. पाण्याच्या कडेला चिखल बाजूला केला तर पातळ कवचाच्या लिम्निया गोगलगायी निघाल्या. कृमीचं अंडं पाण्यात फुटलं की त्याचं पिल्लू या गोगलगायीत शिरतं आणि आत वाढून एकाचे कित्येकशे होऊन बाहेर पडतं. गावची गुरं वर्षभर त्या पाण्यावर येत होती. त्यांच्या शेणात अंडी होती, पण गुरं जुनाट आजार सहन करतात, दूध कमी देतात, कुणाच्या लक्षात येत नाही. मार मेंढ्यांना बसतो. वाडा त्याच दिवशी कोरड्या माळावर हलवला.

मेलेली मेंढरं खोल पुरायला लावली. आतडी-यकृत कुत्र्यांना टाकायची सवय वाड्यांवर सर्रास दिसते. फ्लूकची पिल्लं त्यातून कुत्र्याला त्रास देतील असं नाही, पण मेंढ्यांच्या यकृतात, फुप्फुसात हायडॅटिडच्या पाण्याच्या गाठी असतात. त्या खाऊन कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्याच यकृतात गाठ होते. ही सवय मोडायला मी जमेल तिथे बोलते आणि बोलत राहीन.

यकृताचे सेंटिमीटरभर जाडीचे तुकडे दसपट फॉर्मालिनमध्ये घालून मी तपासणीला पाठवले होते. काही आठवड्यांनी काचपट्ट्या पाहायला मिळाल्या. कृमीच्या वाटेवर सगळा चुराडा झालेला, रक्त, मेलेल्या पेशी, इओसिनोफिलांची (कृमींविरुद्ध धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींची) गर्दी. आणि त्याच पट्टीवर दोन बोगद्यांच्या मधे, मध्यशिरेभोवती ओळी धरून उभ्या असलेल्या यकृतपेशी अगदी शाबूत होत्या. काहींची केंद्रकं विभागत होती. मी त्या भागावरून नजर हलवू शकले नाही. चारही बाजूंनी नासधूस चाललेली असताना त्या पेशी आपली संख्या वाढवायला लागल्या होत्या. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये पांढऱ्या उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढून दाखवला होता की उरलेला भाग थोड्याच आठवड्यांत मूळ वजनाच्या जवळ येतो. हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. शेताच्या बांधावर मेलेल्या मेंढीच्या काचपट्टीवर ते पाहिलं तेव्हा पटलं.

वाचलेल्या मेंढ्यांपैकी एक मेंढा मामांनी पुढे गावच्या जत्रेला कापला. त्यांनी आठवणीनं मला फोन केला आणि मुलाला व्हिडिओ लावायला सांगितलं. यकृताचा डावा भाग आक्रसलेला, त्यावर पांढरे कडक वण. उजवा मात्र नेहमीपेक्षा मोठा, गडद, तुळतुळीत. त्यांनी विचारलं, "हे खायचं का?" म्हटलं, वणांचा भाग काढून टाका, बाकीचं नीट शिजवून खा.

आता ते घाट उतरले की तारीख लिहून ठेवतात. सहाव्या आठवड्याला कळपातल्या चार-सहा मेंढ्यांच्या पापण्या उलटून पाहतात, फिकट वाटल्या तर लेंडीच्या अहवालाची वाट न बघता फोन करतात. अचानक मेंढरू मेलं तर स्वतः सुरी लावत नाहीत. आणि मी आता शवविच्छेदनात पित्तनलिका रिकाम्या सापडल्या तरी यकृताचे काप कोमट मिठाच्या पाण्यात टाकल्याशिवाय उठत नाही. दवाखान्यात नवीन डॉक्टर रुजू झाले की त्यांच्याकडून पहिल्या हिवाळ्यातच हे करून घेते. विमा कंपनीच्या दाखल्यासाठी घाईघाईनं पोट फाडून बंद करायची पद्धत फार बोकाळली आहे. त्यात मूत्रपिंडाचं आवरण कुणी सोलत नाही, यकृत कुणी कापत नाही, आणि धनगराच्या हातात उरलेला कळप वाचवायला काहीच पडत नाही.