टोकियोत ठसे छापणाऱ्याच्या शेजारी बसून काढलेला एक दिवस

फेब्रुवारीत पंधरा दिवस भाच्याकडे निशी-कासाईला होते. टोकियोची देवळं, सुशी, ते गर्दीचं क्रॉसिंग यावर सगळेच लिहितात त्यामुळे ते सोडून देते. मला बघायचं होतं ते लाकडी ठशांवरून चित्रं छापणारा माणूस दिवसभर नेमकं करतो काय. भाच्याने ईमेल करकरून अराकावा भागातल्या एका छोट्या वर्कशॉपची वेळ मिळवली. असल्या जागी न कळवता जाऊन उभं राहू नका, तिथे दुकान नसतं, माणसं कामात असतात.

नऊला पोचलो तर छपाई सुरूच नाही! छापणारे काका कागदांच्या गठ्ठ्यात हात घालून बसलेले. आदल्या दिवशी ब्रशने पाणी मारून कागद एकावर एक रचून, दाबून ठेवतात म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते, आणि सकाळचा पहिला तास ती नीट मुरली का हे बघण्यात जातो. कागद म्हणजे होशो, कोझो नावाच्या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, फुकुई प्रांतातल्या एचिझेनचा यात सगळ्यात नावाजलेला. ओल कमी पडली की कागद आकसतो आणि मग पुढचा रंग रेषेच्या बाहेर. टोकियोचा हिवाळा कोरडा, म्हणून खोलीत ह्युमिडिफायर चालू आणि हीटर नावालाच. पावसाळ्यात उलटं, तेव्हा बुरशी. मी भाच्याला म्हटलं, अरे हे तर आपल्या पापडाच्या पिठासारखं झालं, तर तो म्हणे मावशी हे मी जपानीत कसं सांगू.

मला वाटलेलं एकच कलाकार काढतो, कोरतो, छापतो. तसं नाही. जुन्या पद्धतीत चित्र काढणारा एशी, कोरणारा होरीशी, छापणारा सुरीशी, आणि पैसा लावून सगळ्यांना कामाला लावणारा प्रकाशक तो हानमोतो. होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराचं ते प्रसिद्ध लाटेचं चित्र साधारण 1831 चं, ते पण असंच झालं, पण नाव राहिलं फक्त होकुसाईचं. कोरणारा रानचेरीच्या लाकडावर पातळ कागदावरचं चित्र उलटं चिकटवतो आणि रेषेच्या दोन्ही अंगांनी सुरी चालवतो. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. आमचे काका सुरीशी, म्हणजे फक्त छापणं, आणि ते नीट यायलाच दहा वर्षं जातात म्हणाले.

आता मुख्य काम. ठसा उतरत्या पाटावर, उतार पलीकडे. त्यावर रंग, भाताच्या खळीचा ठिपका, मग घोड्याच्या केसांच्या ब्रशने पसरवायचं. ठशाच्या कडेला केंतो नावाच्या दोन खाचा असतात, त्यात कागदाचा कोपरा आणि कड बसवायची, कागद सोडायचा, आणि पाठीवरून बारेन फिरवायचा. बारेन म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेली गोल चकती, आत पिळलेल्या दोरीचं वेटोळं. मधेच तो तेलाच्या फडक्यावर टेकवायचा, तेल कॅमेलियाचं. साल झिजली की नवीन बांधायची, शिकाऊ पोरं आधी तेच शिकतात. अस्सल बारेनची किंमत लाख येनच्या वर ऐकून मी हात मागे घेतला.

सगळ्यात भारी बोकाशी, आकाश वरून गडद आणि खाली फिकं होत जातं ना ते. ठसा ओल्या फडक्याने पुसायचा, ब्रशच्या एकाच टोकाला रंग आणि आडवा ओढायचा, बास. पण हे प्रत्येक कागदाला नव्याने, आणि शंभरावा कागद पहिल्यासारखाच दिसला पाहिजे. दीड तास बघत होते, काका एकदाही थांबून कौतुकाने चित्राकडे बघत नव्हते, त्यांचं लक्ष कडेवर.

मग मलाही दोन रंगांचं एक छापू दिलं. मांडी घालून बसायचं म्हणजे आपण आधीच पास, शेजारचे युरोपियन पाहुणे दर पाच मिनिटांनी पाय लांब करत होते 😄 पण माझा लाल रंग तांदळाच्या दाण्याएवढा सरकला. काका हसले, कागद उजेडाकडे धरून परत दिला.

जाणाऱ्यांसाठी: मोजे जाड आणि न फाटलेले घाला, बूट बाहेर काढायचे आणि जमीन गार असते. फोटो विचारून, फ्लॅश अजिबात नको. रोख येन ठेवा. वर्कशॉप जमत नसेल तर मेजिरो स्टेशनपासून दहाएक मिनिटं चालत अदाची संस्थेची शोरूम आहे, तिथे आजच्या कारागिरांनी जुन्या पद्धतीने केलेली चित्रं जवळून दिसतात. र्योगोकूचं होकुसाई म्युझियम आणि हाराजुकूचं ओता म्युझियम (तिथेही अशीच ठशांची चित्रं) दोन्ही सहसा सोमवारी बंद, आणि ओता तर प्रदर्शन बदलताना पण बंद असतं, आम्ही एकदा दारावरूनच परत आलो. चित्र घेतलंत तर लॅमिनेट करू नका आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नका, रंग उडतात.

निघताना पाच वाजलेले. छापायचे राहिलेले ओले कागद काकांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि सरळ फ्रीजरमध्ये ठेवले, बुरशी येऊ नये म्हणून, आपण सोललेले मटार ठेवतो तसे.